मोगरा फुलत का नाही?

भामरागडच्या जंगलात फाल्गुनात पळस फुलतो, तेव्हा त्याच्या अंगावर फारसे पान उरलेले नसते. पाठोपाठ मोह फुलतो आणि पहाटे घरोघरची माणसे टोपल्या घेऊन फुले वेचायला निघतात. या झाडांना कोणी पाणी घालत नाही. कोरड्या ऋतूत ती पाने गाळतात आणि मग बहरतात.

अंगणातल्या मोगऱ्याची गोष्ट नेमकी उलटी असते. दोन्ही वेळा पाणी, वरचेवर खत, ऊन लागू नये म्हणून ओसरीतली जागा. तरी वर्षानुवर्षे नुसती पानेच. पुष्कळदा हे दुखणे हेळसांडीचे नसते, अतिकाळजीचे असते.

मोगऱ्याला दिवसाकाठी निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. सावलीत तो जगतो, पण कळी धरत नाही. नत्रयुक्त खताचा मारा झाला तर पाने माजतात आणि फुले मागे राहतात. पर्लकोटेला पूर आणणारा इथला पाऊस कुंडीतही साचतो आणि मुळे कुजतात. म्हणून तळाचे छिद्र मोकळे ठेवावे.

आता मुख्य उपाय. नागपूरकडील संत्र्याचे बागायतदार बहार धरण्यासाठी बागेला ताण देतात, म्हणजे काही काळ पाणी तोडतात. मोगऱ्यालाही तेच मानवते. डिसेंबरच्या उत्तरार्धात पाणी कमी करत न्यावे. कुंडीतल्या रोपाला आठ-दहा दिवसांचा ताण पुरतो. पाने पिवळी पडू लागली की थांबावे, फांद्या वाळू देऊ नयेत. नवे किंवा अशक्त रोप मात्र ताणावर ठेवू नये. जानेवारीत फांद्या साधारण एक तृतीयांश छाटाव्यात, माती हलकेच मोकळी करून कुजलेले शेणखत घालावे आणि मग भरपूर पाणी द्यावे. मोगऱ्याची फुले नव्या फुटीच्या टोकांना येतात. छाटणीवाचून ती फूट जोमाने येत नाही.

हे काम ज्येष्ठांना झेपण्याजोगे आहे. काही पथ्ये पाळावीत. कुंडी कमरेच्या उंचीच्या ओट्यावर ठेवावी, म्हणजे वाकावे लागत नाही. मातीत हात घालताना हातमोजे वापरावेत. मधुमेहींनी अनवाणी फिरू नये. कुंडी हलवण्यापूर्वी तिच्या आडोशाला विंचू-साप नाही ना, हे काठीने पाहावे. कुंडीखालच्या थाळीतले पाणी ओतून टाकावे. साचलेल्या पाण्यात डास वाढतात.

घरातल्या तरुणांना एक विनंती. आजी-आजोबांचे श्रम वाचावेत म्हणून आपण त्यांच्या हातून झारीही काढून घेतो. हेतू प्रेमाचा असतो, पण त्यामुळे त्यांचा दिवस रिकामा होतो. जड कुंडी आपण उचलावी. पाणी कधी तोडायचे, कोणती फांदी छाटायची, हे त्यांना ठरवू द्यावे. विसरण्याची सवय असेल, तर पाणी दिल्याची खूण दिनदर्शिकेवर त्यांच्याच हातून करून घ्यावी. एखादी फांदी चुकून जास्त छाटली गेली, तरी मोगरा पुन्हा फुटतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी कळ्या दिसू लागतील. संध्याकाळी त्या मोजण्याचे कामही त्यांच्याकडेच राहू द्यावे.