बुडालेल्या घरातील सहजीवन

भिलाईत १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली. त्यानंतर येथे आलेल्या अनेक मराठी कुटुंबांचे संसार कारखान्याच्या क्वार्टरमध्येच फुलले. निवृत्तीनंतर ते घर सोडायचे. जोडीदारही गेला, तर आठवणींना भिंती उरत नाहीत. म्हणूनच कुनिओ कातो यांचा ‘त्सुमिकी नो इए’ (२००८) हा बारा मिनिटांचा जपानी ॲनिमेशनपट येथील ज्येष्ठांनी अवश्य पाहावा. त्याला २००९ मध्ये ऑस्कर मिळाले, ही गौण बाब.

पाणी चढेल तसा एक विधुर वृद्ध घरावर नवा मजला बांधतो. एकदा त्याचा धूम्रपानाचा पाइप पाण्यात पडतो. पाणबुड्याचा पोशाख चढवून तो खाली उतरतो, आणि मजल्यामजल्यावर पत्नीचे आजारपण, कन्येचा विवाह, तरुणपण भेटत जाते. तळाशी मद्याचा एक पेला सापडतो. त्या रात्री तो दोन पेले भरतो.