पानफिलोव्ह यांची ३१६वी डिव्हिजन

सोव्हिएत ३१६वी पायदळ डिव्हिजन १९४१च्या उन्हाळ्यात अल्मा-अता येथे उभी राहिली. तिच्यात कझाक, किर्गिझ, रशियन सैनिक होते. बहुतेकांनी युद्ध पाहिलेले नव्हते. ऑक्टोबरमध्ये मेजर जनरल इव्हान पानफिलोव्ह यांच्या हाताखाली तिने मॉस्कोच्या पश्चिमेला, वोलोकोलाम्स्कपाशी सुमारे ४० किलोमीटरची आघाडी धरली. एका डिव्हिजनसाठी हे अंतर फारच मोठे! म्हणून पानफिलोव्ह यांनी जर्मन रणगाड्यांचे संभाव्य मार्ग हेरून तोफा तिथे एकवटल्या. २७ ऑक्टोबरला वोलोकोलाम्स्क पडले, पण जर्मनांचे मोलाचे दिवस खर्ची पडले.

१६ नोव्हेंबरला पुन्हा हल्ला झाला. त्या वेळी दुबोसेकोव्होपाशी याच डिव्हिजनच्या २८ वीरांनी जर्मन रणगाडे रोखल्याची गाजलेली कथा पत्रकारांनी रचली होती, असे १९४८च्या सरकारी चौकशीत आढळले. शेकडो सैनिकांची तिथली झुंज मात्र खरी होती. १८ नोव्हेंबरला डिव्हिजनला ‘८वी गार्ड्स’ हे मानाचे नाव मिळाले. त्याच दिवशी पानफिलोव्ह धारातीर्थी पडले.