मेंदूतील गाठ आणि प्रोटॉनची साक्ष

मेंदूच्या तपासणीत गाठ दिसली की घरातील माणसांना एकच शब्द सुचतो. तो उच्चारण्याचे धैर्य मात्र कोणाला होत नाही. परंतु अशी प्रत्येक गाठ कर्करोगाचीच असते असे नाही. क्षयाच्या जंतूंमुळे मेंदूत गाठ होते, पुवाचे गळूही होते, आणि चित्रात ही तिन्ही एकमेकांसारखी भासू शकतात. एकीवर महिनोन्‌महिने क्षयाची औषधे द्यावयाची, दुसरीतील पू काढावयाचा, तिसरीसाठी शस्त्रक्रिया व किरणोपचार. कवटी उघडण्यापूर्वी हा निवाडा अंशतः तरी करता येतो काय? येतो, आणि त्यासाठी साक्षीला उभा राहतो तो हायड्रोजनचे अणुकेंद्र असलेला प्रोटॉन.

प्रोटॉन म्हणजे एक अतिसूक्ष्म चुंबकच. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात तो भोवऱ्यासारखा डुलू लागतो. एक टेस्ला क्षेत्रात हे डुलणे सेकंदाला सुमारे ४ कोटी २६ लाख वेळा होते. नेमक्या त्याच कंप्रतेच्या रेडिओतरंगांना तो प्रतिसाद देतो. हार्वर्ड येथे पर्सेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मेणात, तर स्टॅनफर्ड येथे ब्लॉख यांच्या गटाने पाण्यात हे अनुस्पंदन पकडले. १९४६ साली दोन्ही शोध प्रसिद्ध झाले आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. रुग्णाचा विचार त्या वेळी त्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. अणुकेंद्राचे चुंबकत्व मोजावे, एवढाच त्यांचा हेतू.

पुढे एक अडचण उद्भवली, आणि तीच वरदान ठरली. एकाच क्षेत्रात सर्व प्रोटॉनांनी एकाच कंप्रतेला प्रतिसाद द्यावा, अशी अपेक्षा होती; पण शेजारचे इलेक्ट्रॉन प्रोटॉनवर जणू पातळसा पडदा धरतात, आणि प्रत्येक रासायनिक घरातील प्रोटॉनचा सूर किंचित निराळा लागतो. १९५१ साली स्टॅनफर्डच्या अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड यांनी मद्यार्क तपासला, तेव्हा एका रेषेऐवजी तीन रेषा उमटल्या. त्यांचे क्षेत्रफळ एकास दोनास तीन, म्हणजे मद्यार्काच्या रेणूतील हायड्रोजनांच्या वाटणीप्रमाणेच. रसायनशास्त्रज्ञांच्या हाती रेणूंची जन्मपत्रिकाच आली. यांतील धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले व त्यांनी तेथे या विषयाचा पाया घातला. आपल्या विद्यार्थ्यांना पर्सेल व ब्लॉख यांची नावे पाठ असतात. धर्मट्टींचे नाव किती जणांच्या कानांवर पडते, कोण जाणे!

आज सर्वपरिचित झालेले एमआरआय यंत्र शरीरातील मुख्यतः पाण्याचा व चरबीचा आवाज ऐकून चित्र काढते. वर्णपट घेताना नेमके उलट करावे लागते. पाण्याचा संदेश दाबावयाचा, कारण इतर द्रव्यांच्या संदेशाहून तो हजारो पटींनी मोठा असतो, आणि मग सुपारीएवढ्या भागातील कुजबूज ऐकावयाची. त्या कुजबुजीत मेंदूची हकिकत असते. एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट हे द्रव्य मुख्यतः चेतापेशींत आढळते. त्याचे शिखर खाली आले की त्या पेशी नष्ट वा निकामी होत आहेत असे समजावे. कोलिनचे शिखर उंचावले तर पेशींची आवरणे वेगाने घडत-मोडत आहेत, जे अर्बुदात विशेषेकरून होते. पुवाच्या गळूत अमिनो आम्लांच्या रेषा दिसतात. क्षयाच्या गाठीत मात्र स्निग्ध द्रव्यांचे शिखर ठळक असते, कारण क्षयजंतूचे कवच मेणचट द्रव्यांनी भरलेले असते. ज्या मेणात पर्सेल यांनी प्रोटॉनचा पहिला आवाज ऐकला, त्याच जातीच्या द्रव्याने जंतूने आपली ओळख पटवावी, हा योगायोग मोठा गमतीचा खरा. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेत १९९० च्या दशकापासून या प्रश्नावर मोलाचे संशोधन झाले आहे. हा रोग ज्यांच्या दारात, त्यांनीच हे काम अंगावर घ्यावे, हे योग्यच झाले.

तथापि या साक्षीला मर्यादा आहेत. जहाल अर्बुदाचा गाभा मृत झाला की तेथेही स्निग्ध द्रव्ये दिसतात. म्हणून कोलिनचे शिखरही शेजारी ताडून पाहावे लागते. कवटीच्या हाडालगत किंवा नाकाच्या पोकळीजवळ चुंबकीय क्षेत्र समरूप राहत नाही आणि वर्णपट बिघडतो. गाठीचा तुकडा काढून केलेली परीक्षा यामुळे सर्वस्वी टळते, असे म्हणणे हा अतिरेक होईल.

भौतिकीत प्रोटॉनचे काम अधिक निःशंक आहे. पृथ्वीच्या क्षीण क्षेत्रातही प्रोटॉन डुलतात, सेकंदाला सुमारे दोन हजार वेळा, म्हणजे कानाला ऐकू येईल अशा सुरात. चुंबकीय वेधशाळा या सुरावरून क्षेत्र मोजतात. अमेरिकेतील फर्मी प्रयोगशाळेत म्यूऑन कणाचे चुंबकत्व मोजताना सुमारे चौदा मीटर व्यासाच्या कड्यातील क्षेत्र तपासले गेले तेही प्रोटॉनच्याच साहाय्याने, आणि त्यासाठी नळ्यांत भरले होते व्हॅसलीनसारखे साधे जेली-द्रव्य.

रुग्णालयांत मात्र या तंत्राकडे सोयीने दुर्लक्ष होते, असे माझे मत आहे. चुंबक तोच, यंत्र तेच. हवीत ती आणखी काही मिनिटे आणि रेषा वाचू शकणारा माणूस. रांगेत पुढचा रुग्ण ताटकळत असताना ती मिनिटे महाग वाटतात. गाठीचा संशय असेल तर डॉक्टरांनी तपासणी लिहून देतानाच हा वर्णपट मागितलेला बरा, कारण रुग्ण एकदा यंत्राबाहेर आला की पुन्हा वेळ, पुन्हा पैसे, आणि बहुधा पुन्हा तीच रांग.