सायकल-शर्यत आणि वाऱ्याचा आडोसा

सायकलींची शर्यत म्हणजे केवळ पायांतील बळाची परीक्षा, हा सार्वत्रिक समज अपुरा आहे. कारण सपाट रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवेचा प्रतिरोध मोडण्यातच खर्ची पडते, आणि पुढच्या चाकामागे हातभर अंतर राखून जो चालतो, त्याला या श्रमांत सुमारे एक चतुर्थांश ते एक तृतीयांश सूट मिळते. म्हणूनच स्थानिक मंडळाचे हौशी स्वारही पाळीपाळीने अग्रभागी येतात, काही क्षण वारा अंगावर घेतात आणि कोपर किंचित हलवून मागच्यास खूण करीत बाजूस सरतात. वारा आडवा असला, तर हीच रांग तिरकी होते. अशा रीतीने सोबत्यासाठी वेचलेली शक्ती निकालपत्रात कोठेही नमूद होत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

चढणीवर वेग मंदावतो, आडोशाचा फारसा उपयोग उरत नाही आणि स्वतःच्या देहाचे वजनच वैरी होते. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ हा स्वतंत्र किताब देतात, तो याच कारणाने. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तसा प्रचंड घाट नाही. परंतु समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवरील यवतमाळ शहराभोवतीच्या टेकड्या आणि कपाशीच्या शेतांमधून जाणारे उघडे रस्ते यांवर चढण आणि आडोसा या दोन्ही विद्यांचा अभ्यास होऊ शकतो. जवळच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी 2017 मध्ये सुमारे 4,800 किलोमीटरची ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने, 12 दिवसांच्या मुदतीत पार केली. आणि तेथे तर दुसऱ्या स्वाराच्या पाठीमागे आडोसा घेण्यास नियमानेच मनाई असते.