दुधाचा महापूर आणि आपला गोठा



आपला देश दूध उत्पादनात जगात पहिला आहे, ही बातमी दरवर्षी २६ नोव्हेंबरला, म्हणजे राष्ट्रीय दूध दिनाच्या सुमारास, वर्तमानपत्रात येते. डॉ. वर्गीस कुरियन यांचा तो जन्मदिवस. बातमी खरी आहे आणि अभिमानाचीही आहे. पण ती वाचून पांढुर्णा-सौंसर भागातला एखादा तरुण विचारतो, "दुधाला एवढी मागणी आहे, तर दोन म्हशी घेऊन धंदा करावा का?" नोकरीतली बरीच वर्षे असे कर्जाचे अर्ज पाहण्यात गेली, म्हणून या प्रश्नाचे उत्तर थोडे सविस्तर द्यावेसे वाटते. देशाचे आकडे आणि गोठ्याचा हिशोब या दोन वेगळ्या वह्या आहेत. दोन्ही वाचता आल्या पाहिजेत.

देशाची वही

१९५०-५१ साली देशात साधारण १.७ कोटी टन दूध होत होते. १९७० साली 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले तेव्हा आकडा दोन कोटींच्या थोडा वर होता. त्या योजनेच्या पहिल्या टप्प्यात युरोपातून मदत म्हणून दूध पावडर आणि बटर ऑइल आले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास येथील डेअऱ्यांनी त्याचे दूध करून विकले आणि त्या पैशातून गावोगावच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. म्हणजे एके काळी आपण दुसऱ्याच्या पावडरवर अवलंबून होतो. १९९८ च्या सुमारास आपण जगात पहिल्या क्रमांकावर आलो. २०२३-२४ मध्ये देशाचे उत्पादन २३.९३ कोटी टन झाले. जगातल्या दुधापैकी जवळजवळ चौथा हिस्सा हा आपला.

राज्यवार पाहिले तर त्या वर्षी उत्तर प्रदेशचा वाटा १६.२१ टक्के, राजस्थानचा १४.५१ टक्के आणि आपल्या मध्य प्रदेशचा ८.९१ टक्के. आपण तिसरे. गुजरात आणि महाराष्ट्र आपल्या मागे आहेत, हे अनेकांना ठाऊक नसते. मात्र राज्यात दुधासाठी नाव घेतले जाते ते मुरैना, भिंड, उज्जैन, इंदूर या भागांचे. आपला पट्टा संत्र्याचा आणि कापसाचा.

हे दूध जाते कुठे? साधारण निम्मे दूध उत्पादकाच्या घरी आणि गावातच संपते. उरलेले बाजारात येते. त्यातलेही बरेच गवळी, हॉटेल आणि मिठाईवाल्यांकडे जाते, आणि बाकीचे सहकारी संघ व खासगी डेअऱ्यांकडे. २०२३-२४ मध्ये देशात माणशी रोज ४७१ ग्रॅम दूध उपलब्ध होते असे सरकारी आकडा सांगतो. ही सरासरी आहे. मजुराच्या घरी चहापुरते आणि बागाईतदाराच्या घरी तांब्याभर, असे धरून ती निघते.

खप वाढतो आहे हे मात्र नक्की. २०२२-२३ च्या घरगुती खर्चाच्या सरकारी पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या एकूण खर्चातला ८.३३ टक्के भाग दूध आणि दुधाच्या पदार्थांवर गेला. धान्यावर गेला फक्त ४.९१ टक्के. आपल्या आजोबांच्या काळात पैसा ज्वारी-गव्हावर जायचा. आज तो त्यापेक्षा जास्त दुधावर जातो.

परदेशाशी व्यापार किती?

एवढे दूध आहे तर आपण जगाला विकतो का? फार थोडे. २०२३-२४ मध्ये देशातून सुमारे ६३,७३८ टन दुग्धपदार्थ बाहेर गेले, किंमत सुमारे २,२६१ कोटी रुपये. देशात एका वर्षात होणाऱ्या दुधाची किंमत ११ लाख कोटी रुपयांच्या वर धरली जाते. म्हणजे शंभर रुपयांच्या दुधातले साधारण वीस पैशांचे बाहेर जाते. न्यूझीलंड याच्या अगदी उलट. तिथे माणसे थोडी, कुरणे भरपूर, आणि जवळपास ९५ टक्के दूध निर्यातीसाठी.

आयातही आपण जवळजवळ करत नाही. दूध पावडरवर ६० टक्के आयात शुल्क आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत 'आरसीईपी' या व्यापार करारातून बाहेर पडला, त्याच्या मोठ्या कारणांपैकी एक दूध होते. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या करारातही दुग्धपदार्थ वगळले आहेत. कारण उघड आहे. तिकडचा शेतकरी शेकडो गाई पाळतो, आपला दोन-चार. दरवाजा पूर्ण उघडला तर ही झुंज बरोबरीची होणार नाही.

मग जगाच्या बाजाराचा आपल्याशी संबंधच नाही का? आहे. तो पावडरच्या वाटेने येतो, आणि हे समजून घेण्यासारखे आहे.

थंडीत दूध वाढते, कारण बऱ्याच म्हशी पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतर वितात. उन्हाळ्यात दूध घटते आणि दही, ताक, लस्सी, आईस्क्रीम यांची मागणी वाढते. थंडीतले जास्तीचे दूध साठवायचा एकच मार्ग, त्याची पावडर आणि लोणी करणे. १०० लिटर गाईच्या दुधातून (३.५ फॅट, ८.५ एसएनएफ) साधारण ९ किलो पावडर आणि चार-सव्वाचार किलो लोणी निघते. आता पावडरचा भाव किलोमागे ५० रुपयांनी पडला, तर १०० लिटरमागे ४५० रुपये गेले. लिटरमागे साडेचार रुपये! पिशवीतल्या दुधाचा भाव शहरात कमी होत नाही, पण ज्या डेअरीकडे जास्तीचे दूध आहे ती हे साडेचार रुपये संकलन केंद्रावरच्या दरातून काढते.

२०१८ मध्ये हेच झाले. युरोपने १ एप्रिल २०१५ पासून उत्पादनावरची मर्यादा उठवली, त्याआधी २०१४ पासून रशियाने युरोपचा माल बंद केला होता. युरोपच्या सरकारी गोदामांत पावणेचार लाख टनांच्या आसपास पावडर साठली आणि जगाचा भाव कोसळला. आपल्या डेअऱ्यांची पावडरही बाहेर जाईना. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर इतका उतरला की जुलै २०१८ मध्ये स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दूध बंद आंदोलन केले आणि सरकारला लिटरमागे पाच रुपयांचा आधार द्यावा लागला. २०२४ मध्ये पुन्हा तीच पाळी आली. आधी पाच आणि मग सात रुपये अनुदान.

याच्या उलट २०२२ मध्ये लंपी रोग आला, ढेप आणि वैरण महागली, दूध कमी पडले, भाव चढले. एप्रिल २०२३ मध्ये लोणी आयात करण्याची चर्चा निघाली तेव्हा शरद पवार यांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहून विरोध केला. म्हणजे दर पडतो तेव्हा तोटा गोठ्याचा, आणि चढतो तेव्हा लगेच आयातीचा विषय. ज्याला या धंद्यात उतरायचे आहे त्याने हे चक्र धरूनच चालावे.

गोठ्याची वही

आता दुसरी वही उघडू. खालचे आकडे हिशोब समजण्यासाठी मानलेले आहेत. प्रत्येकाने आपल्या गावचे भाव घालून पाहावेत.

एक म्हैस. पंधरा महिन्यांत, म्हणजे ४५० दिवसांत, एक वेत. त्यात ३०० दिवस दूध, १५० दिवस भाकड. सरासरी रोज ६ लिटर, एकूण १,८०० लिटर. दर फॅटवर: किलो फॅटला ८०० रुपये धरले तर ६ फॅटच्या दुधाला लिटरमागे ४८ रुपये. एकूण विक्री ८६,४०० रुपये. दुभत्या दिवसांचा चारा-ढेपेचा खर्च रोज १८० रुपये, भाकड दिवसांचा ९० रुपये. एकूण ६७,५०० रुपये. उरले १८,९००. पंधरा महिन्यांत वाटले तर महिन्याला १,२६० रुपये. यातून अजून औषध, विमा, बँकेचा हप्ता आणि घरच्यांची मेहनत वजा व्हायची आहे!

आता तीन गोष्टी बदलून पाहू.

पहिली, म्हैस वेळेवर गाभण राहिली नाही आणि वेत पंधराऐवजी अठरा महिन्यांवर गेले. दूध तेवढेच, भाकड दिवस ९० ने वाढले. खर्च ८,१०० रुपयांनी वाढला. महिन्याची शिल्लक १,२६० वरून ६०० वर आली. बाजारात दर लिटरमागे चार रुपयांनी पडला असता तर शिल्लक ७८० राहिली असती. म्हणजे पडलेल्या दरापेक्षा चुकलेला माज जास्त महाग पडतो. दराबद्दल आपण खूप बोलतो, माजाच्या तारखा मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

दुसरी, निम्मी वैरण घरच्या शेतातली असेल तर बाहेर जाणारे ३३,७५० रुपये वाचतात. शिल्लक महिन्याला ३,५१० वर जाते. पूर्वी आपल्याकडे ज्वारी होती म्हणून कडबा होता. ज्वारीची जागा सोयाबीन, कापूस आणि संत्र्याने घेतली आणि कडबा विकत घ्यायची वेळ आली. तरी तुरीचे आणि हरभऱ्याचे कुटार आपल्याकडे आहे, सरकीची ढेप कापसाच्याच मुलखातली आहे. धुऱ्यावर आणि विहिरीजवळ थोडे नेपियर गवत लावले तर हिरवा चाराही होतो.

तिसरी, दूध घरोघर रतीबाने ६५ रुपयांनी दिले तर शिल्लक महिन्याला ३,३०० होते. पांढुर्णा आणि सौंसर ही दोन्ही गावे रस्त्याने नागपूरशी जोडलेली, आणि आपली गावेही आता शुद्ध दुधाला भाव देतात. पण रतीबाला रोजची पहाट, शब्द आणि उधारीची वही सांभाळावी लागते.

गवळाऊ गाईचे काय?

दूध म्हटले की आपल्या मुलखाची गवळाऊ गाय आठवते. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, सिवनी, बालाघाट हा तिचा मूळ पट्टा, आणि त्यात सौंसरचे नाव आहे. पांढरी, चपळ, उन्हाला टिकणारी. एका वेतात ती साधारण पाचशे ते सातशे लिटर दूध देते. संकरित गाईची देशाची सरासरी रोज साडेआठ लिटरच्या आसपास आहे, देशी गाईची साडेतीन. केवळ डेअरीच्या दरावर गवळाऊ परवडणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. ती टिकली ती बैलांमुळे. ट्रॅक्टर आला, बैलजोडीची गरज कमी झाली, आणि गाईची संख्या घटली. पोळ्याला आपण बैलाची पूजा करतो, त्याची आई मात्र हिशोबातून बाहेर गेली आहे. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडी येथे या जातीचे सरकारी पैदास केंद्र आहे. ज्यांच्याकडे चरायला जागा आहे आणि खत-गोमूत्राचा शेतात उपयोग आहे, त्यांनी एखादी गवळाऊ जरूर ठेवावी. पण तिच्यावर कर्जाचा हप्ता टाकू नये.

कर्ज घेणाऱ्यांसाठी

२०१८-१९ च्या अर्थसंकल्पात किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालनाला लागू झाली. चारा, ढेप, औषध यासाठी दोन लाखांपर्यंतच्या खेळत्या भांडवलावर वेळेवर परतफेड केली तर व्याज ४ टक्के पडते. सावकाराकडे जाण्याआधी आपल्या बँकेत याची चौकशी करा. दोन म्हशींचे कर्ज असेल तर दोन्ही एकदम घेऊ नका. पहिली व्याल्यावर पाच-सहा महिन्यांनी दुसरी घ्या, म्हणजे एक भाकड असताना दुसरी हप्ता भरते. विमा आणि कानातला बिल्ला टाळू नका. मोठ्या अनुदानाच्या योजनेत अनुदानाकडे न पाहता उरलेल्या कर्जाकडे पाहा.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या 'सांची' दूध महासंघाचा कारभार राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाबरोबरच्या करारानुसार चालू झाला आहे. देशातल्या दुधात राज्याचा वाटा २० टक्क्यांवर न्यायचा सरकारचा मनोदय आहे. गावात समिती आली, फॅटची मशीन सर्वांसमोर लागली आणि पैसे दहा दिवसांत खात्यात आले, तर आपल्या भागालाही त्याचा लाभ होईल. त्यासाठी आपणच दोन-चार गावांनी मिळून मागणी करावी लागेल.

तर त्या तरुणाला उत्तर: म्हशी जरूर घे, पण आधी वैरण कुठून येणार ते ठरव, मग ग्राहक, आणि शेवटी कर्ज. वहीत रोज तीन ओळी लिही: दूध किती, खर्च किती, माज कधी. देशाचे दूध वाढतच राहणार आहे. आपल्या घरात त्यातले किती पैसे उरतात, ते या तीन ओळींवर ठरते.

ज्या सभासदांच्या घरी गोठा आहे त्यांनी आपले अनुभव मंडळाकडे लिहून पाठवावेत. नव्या मुलांना त्याचा उपयोग होईल.