बोटाला रक्त लागलं, आता?

आजचं बोलणं दवाखान्यात राबणाऱ्या बायांसाठी आहे. सिस्टर, एएनएम, लॅबमधल्या मुली, लेबर रूममधल्या मावशी आणि कचरा उचलणाऱ्या ताई, सगळ्यांसाठीच. या घरांतल्या सासवांनी आणि नवऱ्यांनीही ऐकलं तर बरंच.

रक्त काढताना पेशंटनं हात झटकला, थेंब मनगटावर पडला. किंवा बाळंतपणात ग्लोव्ह फाटला. त्या वेळी कामाची घाई असते, पुसून पुढे जातो. धास्ती येते ती घरी आल्यावर. भाकरी थापताना डोळ्यांपुढे तोच थेंब. लेकराला जवळ घेऊ की नको? नवऱ्याला सांगू की नको? मग डेटॉलनं हात घासणं, मोबाइलवर लक्षणं शोधणं, आणि साधा घसा दुखला तरी पोटात गोळा.

आधी एक समजून घेऊ. रक्त लागलं म्हणजे नेमकं काय झालं, यावर सगळं ठरतं. आपली कातडी हा चांगला भक्कम पडदा आहे. ती कुठे कापलेली, सोललेली किंवा पुरळ आलेली नसेल आणि तिच्यावर थेंब पडला, तर साबणपाण्यानं धुवायचं, बस. त्यासाठी औषध लागत नाही, चाचणीही लागत नाही. चिरलेल्या कातडीवर, डोळ्यांत किंवा तोंडात रक्त गेलं तर डॉक्टरांना दाखवायचं. सुई टोचली तर नक्कीच दाखवायचं.

टोचलेल्या सुईचाही हिशोब ऐका. एचआयव्ही असलेल्या पेशंटची सुई हजार जणींना टोचली, तर साधारण तिघींना लागण होते. हा आकडा औषध न घेता आहे. डोळ्यांत किंवा तोंडात रक्त उडालं तर हजारात एक, किंवा त्याहूनही थोडं कमी. हेपॅटायटिस सी, म्हणजे एका प्रकारची कावीळ, तिचा धोका शंभरात दोनहूनही कमी, आणि ती आता गोळ्यांनी बरी होते. खरी भीती बाळगायची ती हेपॅटायटिस बी या काविळीची. लस घेतलेली नसेल, तर सुईतून तिची लागण शंभरात सहा ते तीस जणींना होऊ शकते. पण सगळ्या जणी घाबरतात एचआयव्हीला, आणि बीची लस मात्र तशीच राहून जाते!

या लशीचे तीन डोस असतात. पहिला, मग एक महिन्यानं, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. त्यानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्त तपासून संरक्षण आलंय का हे पाहता येतं. आमचं स्पष्ट मत आहे की कंत्राटी मावशींना आणि सफाईवाल्या ताईंना ही लस सगळ्यांत आधी मिळायला हवी. चादरीच्या घडीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत कुणी टाकलेली सुई त्यांनाच टोचते.

टोचलं तर काय करायचं? बोट पिळायचं नाही, तोंडात धरायचं नाही, स्पिरिट-ब्लीच ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं. डोळ्यांत गेलं असेल तर साध्या पाण्यानं धुवायचं. मग इन्चार्ज सिस्टरना सांगून ड्युटीवरच्या डॉक्टरांकडे. शिफ्ट संपायची वाट पाहू नका. धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं, तर ते एचआयव्ही रोखणारं औषध सुरू करतात. ते दोन तासांच्या आत मिळालं तर उत्तम, ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. कोर्स २८ दिवसांचा. मळमळ होते, डोकं जड होतं, तरी मध्येच सोडायचं नाही. बीची लस झालेली नसेल तर तीही त्याच दिवशी सुरू होते.

‘माझंच चुकलं, मॅडम ओरडतील’ म्हणून कितीतरी जणी गप्प बसतात. नोंद झाली नाही तर औषधाची वेळ निघून जाते, आणि पुढे काही निघालंच तर ते कामावर झालं हे दाखवायला कागद राहत नाही. पहिली चाचणी त्याच दिवशी करतात ती यासाठीच. एचआयव्हीबद्दलच्या २०१७ च्या कायद्यानुसार, जिथे रक्ताशी असा संबंध येतो तिथे सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि हे औषध देणं मालकाचं काम आहे. आपण काही उपकार मागत नाही.

त्यानंतरच्या चाचण्या सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिन्यांनी. मधल्या काळात दर आठवड्याला खाजगी लॅबमध्ये जाऊन पैसे घालवू नका. शरीरात खूण उमटायला वेळ लागतो, त्यामुळे घाईची चाचणी मनाला दोन दिवसांचीच शांती देते. या दिवसांत निरोध वापरायचा, रक्तदान करायचं नाही, दिवस राहू द्यायचे नाहीत. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरांना विचारा. एका ताटात जेवणं, लेकराचा पापा घेणं, सगळ्यांचा स्वयंपाक करणं, यात काहीच वावगं नाही. सासूबाईंनी भांडी वेगळी काढायची गरज नाही.

कातडीवर नुसता थेंब पडला होता, धोका नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तरीही झोप लागत नाही, हात पुन्हा पुन्हा धुतले जातात, त्या वॉर्डात पाऊल टाकवत नाही. अशा वेळी आणखी एक चाचणी करून भागत नाही. ही मनाची दुखापत आहे, तिच्यासाठी समुपदेशकाशी बोला. सरकारी दवाखान्यातल्या एचआयव्ही चाचणी केंद्रात समुपदेशक असतात, नाव गुप्त राहतं. १०९७ हा फोन मोफत आहे.

आणि उद्या ड्युटीवर गेलात की एवढं विचारून ठेवा: ते औषध कुठल्या कपाटात असतं, आणि रात्री किल्ली कुणाकडे असते?