पेशीतले ठिपके

"दिवसभर सूक्ष्मदर्शकातून पाहता तरी काय?" असं मंडळाच्या कार्यक्रमांत मला नेहमी विचारतात. मी ठिपके मोजतो.

शरीरातल्या बहुतेक पेशींत जनुकं तीच. फरक पडतो तो कुठली चालू आहेत यामुळे. चालू जनुक आपल्या मजकुराच्या नकला काढतं, तेच आरएनए. पेशी रसायनाने स्थिर करून आम्ही त्यांत या नकलेशी नेमके जुळणारे, चमकता रंग लावलेले डीएनएचे तुकडे सोडतो. एका तुकड्याचा उजेड क्षीण. पण एकाच नकलेला ३०-४० चिकटले की तिचा ठिपका दिसतो. रॉबर्ट सिंगर यांच्या गटाने १९९८ साली असा एकेक रेणू दाखवला; २००८ मध्ये अर्जुन राज व सहकाऱ्यांनी ही रीत सुटसुटीत केली.

हा खटाटोप कशासाठी? पेशी एकत्र कुटून तपासल्या तर फक्त सरासरी कळते. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींतले ठिपके राज यांच्या गटाने मोजले. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं, की औषध देण्याआधीच मोजक्या पेशींत काही जनुकं जोरात चालू होती, आणि औषधातून तगण्याची शक्यता त्यांचीच जास्त होती. सरासरीत त्या लपल्या असत्या. आणि रोग उलटायला तेवढ्या पुरतात.